मुलगा बघायला दौंडला

शिरूरहून दौंडला जाणाऱ्या एसटीत एकदा कंडक्टरनं तांबोळीबाईंना विचारलं, की बाई, हल्ली सारख्या दौंडला कशाला जाता? बाई म्हणाल्या, “मुलगा बघायला.” कंडक्टर खूश झाला. मुलगी किती शिकलीय, स्थळ कुठलं, मुलगा रेल्वेत आहे का, असं विचारत तो न्हावऱ्यापर्यंत त्यांच्या बाकाला टेकून उभा राहिला. बाईंनी त्याला थांबवलं नाही. त्यांना मुलगीच नव्हती. एक मुलगा होता, आसिफ, आणि तो फौजेत होता. ज्याला बघायला त्या निघाल्या होत्या तो मुलगा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्याला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या आईलाही नाही.

मी शेजारी बसून ऐकत होतो. बाईंना सोबत करायचं काम माझ्याकडं आपोआप आलं होतं, कारण हे सगळं माझ्या दुकानात सुरू झालं होतं.

शिरूरला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर माझं एसटीडी बूथ होतं. इंटरनेटचं वारं आलं तसं मी त्यातच पार्टिशन घालून दोन-तीन कॉम्प्युटर बसवले आणि सायबर कॅफेची पाटी लावली. लाइन टेलिफोनचीच, ती दर थोड्या वेळानं तुटायची. गिऱ्हाईक म्हणजे निकाल बघणारी कॉलेजची मुलं आणि शिक्रापूरच्या कारखान्यांत अर्ज पाठवणारे डिप्लोमावाले. त्यांच्यात एके दिवशी डोक्यावर पदर घेतलेल्या तांबोळीबाई येऊन उभ्या राहिल्या. चौथीत त्या मला वर्गावर होत्या. त्यामुळं मी खुर्चीतून उठलोच.

“संजय, यात सीमेवरची बातमी पेपरच्या आधी येते म्हणतात. खरंय का?”

मी म्हटलं, येते कधी कधी.

“मग मला शिकव.”

ज्या वर्षी आपल्या फौजा महिनोन्‌महिने सीमेवर नेऊन उभ्या केल्या होत्या आणि युद्ध होणार की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आसिफची पलटण तिकडंच कुठंतरी होती. नेमकी कुठं, हे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि सांगायचंही नसतं.

बाई ठेंगण्या होत्या. खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत. मांडीवर मोठी काळी पर्स. तिच्यात एक धुतलेली साडी, दात घासायचा ब्रश आणि बीपीच्या गोळ्या कायम असायच्या. कधी, कुठं निघावं लागेल हे काय सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं. आसिफ भरती झाला त्या दिवसापासून ही पर्स अशी भरलेली होती. शाळेत शिकवताना वर्गाच्या दारात कुणी अनोळखी माणूस दिसला की त्यांचा खडू फळ्यावर जागच्या जागी थांबायचा, असं मुलं सांगत. त्यांच्यासमोर “आसिफ गेला का?” असं विचारायची सोय नव्हती. “गेला नाही, हजर झाला,” असं त्या तिथल्या तिथं दुरुस्त करत. आणि कुणी काही सांगायला लागलं, मग तो साधा शेजारचा किस्सा का असेना, की हात वर करून म्हणत, “आधी शेवट सांग. मग निवांत ऐकते.”

त्यांचे यजमान तांबोळीमामा एसटी डेपोत मेकॅनिक होते. मामांचा स्वभाव बरोबर उलटा. बाई फार अस्वस्थ झाल्या की ते म्हणत, “जे व्हायचं ते व्हईल. तू त्येच्या आधी कशापायी पळतीस?” पण बाई कॅफेत बसलेल्या असताना मामा डेपोतून सुटून यायचे आणि समोरच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात धरून उभे राहायचे. चहा निवून जायचा. बाई बाहेर आल्या की ते लांबूनच त्यांच्या चेहऱ्याकडं बघत आणि मगच सायकलला टांग मारत.

बातम्या वाचता वाचता बाईंना इंटरनेटवर एक ग्रुप सापडला. फौजेतल्या मुलांच्या आया, बायका, बहिणी, देशभरातून कुठून कुठून लिहायच्या. केरळातली एक नर्स होती, तिचा नवरा सिग्नलमध्ये. अमरावतीकडची एक नवीन लग्न झालेली मुलगी होती. आणि रोहतकजवळच्या एका गावातली बाई होती, ती भाचीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून लिहायची. तिनं नाव घेतलं होतं ‘विक्की की मम्मी’. खरं नाव सुनीता, हे कळायला आम्हाला बरेच महिने लागले. बाईंनी स्वतःचं नाव ‘घोडनदी’ घेतलं. शिरूरच्या नदीचंच नाव ते, पण विक्कीच्या मम्मीनं पहिल्याच दिवशी विचारलं, की तुमच्या नदीत घोडे पोहतात का? बाई त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

सगळं हिंदीत, पण इंग्रजी अक्षरांत. बाई एका बोटानं टाइप करत आणि पूर्णविराम द्यायला कधी चुकत नसत. त्या बायकांनी आपापसांत नियम ठरवले होते. पलटणीचं नाव लिहायचं नाही, ठिकाण लिहायचं नाही, कुणी कुठं निघालंय ते लिहायचं नाही. मग लिहायचं काय? तर आज फोन आला, आवाज बसलेला होता. तिकडं थंडी फार आहे म्हणाला. लोणचं पोहोचलं. एवढ्यावर त्या तासन्‌तास बोलत. एखादीच्या मुलाचा फोन आला की बाकीच्यांनाही थोडं हायसं वाटायचं, आणि एखादी दोन दिवस दिसली नाही की सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा.

दौंडचं प्रकरण विक्कीपासूनच सुरू झालं. त्याला एका कोर्ससाठी पुण्याला पाठवलं होतं. सीमेवर नव्हे, कोर्सला. म्हणून त्याच्या आईनं ते लिहिलं. जम्मूकडून पुण्याला येणारी गाडी दौंडला बराच वेळ थांबते. तिथं इंजिन काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडतात. सुनीतानं विचारलं, दौंड तुमच्यापासून किती लांब? बाईंनी उत्तर दिलं, “पास है.” पास कसलं, चौफुला, पाटस करत एसटीनं अर्धा दिवस मोडतो. त्यात उसाचा सीझन चालू. पाटसच्या अलीकडं कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेमागं आमची गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती आणि बाई ड्रायव्हरच्या पाठीकडं नजर लावून बसल्या होत्या. गाडी चुकली तर तिच्या आईला काय तोंड दाखवू, एवढंच त्या मला सांगत होत्या. आईला तोंड दाखवायचा प्रश्नच नव्हता, ती रोहतकला होती. पण हे त्यांना कोण सांगणार?

गाडी मिळाली. विक्की म्हणजे सहा फुटी, लाजरा पोरगा. तो डब्यातून उडी मारून उतरला आणि बाईंच्या पाया पडला. बाईंनी डबा उघडायच्या आधी त्याला आपलं पूर्ण नाव सांगितलं, हमीदा तांबोळी. मग म्हणाल्या, भाजी मेथीची आहे, घरात आज दुसरं काही शिजवलं नाही, तुला चालणार असेल तर खा. तो पोरगा क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला. मग तिथंच बाकावर बसून त्यानं सगळा डबा संपवला आणि झाकणाला लागलेली चटणीसुद्धा बोटानं पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुनीताला लिहिलं ते पंचनाम्यासारखं होतं. उंच आहे. हनुवटीवर जुना ओरखडा आहे, भरत आलाय. डोळ्यांखाली काळं नाही. दोन्ही हात नीट. उडी मारून उतरला, चालताना किंचित डावीकडं झुकतो. सुनीतानं उत्तर दिलं, की तो लहानपणापासून तसाच चालतो, मी ते विसरूनच गेले होते. आणि खाली लिहिलं, की आज मी झोपेन.

मग मागण्या यायला लागल्या. रजेवर येणारा, बदलीवर निघालेला कुणी ना कुणी दौंडवरून जायचा. बाई शाळेतून किरकोळ रजा टाकत, पिठलं-भाकरी, शेंगदाण्याची चटणी बांधून घेत आणि निघत. परत आल्यावर पहिलं काम रिपोर्ट लिहिण्याचं. मी एकदा म्हटलं, बाई, सगळं बरं आहे एवढंच कळवलं तरी चालेल की. त्या म्हणाल्या, “बरं आहे असं सगळेच सांगतात. माझा आसिफ पण फोनवर तेच सांगतो. जे दिसलं ते कुणी सांगत नाही.”

पुढं उन्हाळ्यात एक वाईट बातमी आली. सीमेवर सुरुंगांच्या कामावर स्फोट झाला होता, जवान जखमी झाले होते. कुठली पलटण, कुणाची मुलं, काहीच नाही. त्या दिवशी ग्रुपवर कुणी काही लिहीना. प्रत्येकजणी नुसतं नाव चालू ठेवून बसलेली. बाईंनी शाळेत निरोप धाडला आणि दुकान उघडल्यापासून माझ्याकडं बसून राहिल्या. त्यांचा एक डोळा कॉम्प्युटरवर, एक बूथच्या फोनवर. मामाही त्या दिवशी कामावर गेले नाहीत. टपरीवर कुणीतरी त्यांना चेष्टेनं विचारलं, की मामा, युद्ध झालंच तर तुमचं पोरगं कुणीकडून लढायचं? टपरीवाल्यानं त्या माणसाच्या हातातला ग्लास काढून घेतला. मामांनी आपला ग्लास खाली ठेवला. रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले आणि बाईंच्या मागं उभे राहिले. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, मलाही ते टपरीवाल्याकडून कळलं.

आसिफचा फोन तिसऱ्या प्रहरी आला. तो ठीक होता. पुढं आठवड्याभरात एकेकीचं “ठीक है” येत गेलं. विक्कीच्या मम्मीचंही आलं. त्याचा फोन आला होता, आवाज छान होता. बाईंनी त्या शुक्रवारी मामांच्या हातून मशिदीत साखर वाटली.

पावसाळा संपता संपता सुनीतानं लिहिलं, की विक्कीची पुण्याला बदली झालीय. घरात त्याच्या बहिणीचं लग्न निघालं होतं, त्यात ही बातमी; ती आनंदात होती. त्याच गाडीनं येणार होता. बहीण, एकदा बघून या, एवढंच तिनं मागितलं.

आम्ही गेलो. गाडी आली, इंजिन सुटून गेलं, माणसं पाणी भरायला उतरली, पण विक्की उतरला नाही. बाई डब्याडब्याच्या खिडकीत डोकावत निघाल्या. मी मागं. एका डब्यात तो खिडकीशी बसला होता. समोर सोबतीला दुसरा एक जवान. विक्कीच्या मांडीवर घोंगडी होती आणि दौंडला तेव्हा घाम फुटत होता.

बाई आत चढल्या. घोंगडी डाव्या बाजूला गुडघ्याच्या खाली सपाट पडली होती. बाईंनी ते पाहिलं, विक्कीनं त्यांना पाहताना पाहिलं. उन्हाळ्यातल्या त्या स्फोटात तो होता. वडिलांना तार मिळाली होती. ते स्वतः निवृत्त फौजी. बापलेकांनी ठरवून ती घरात कळू दिली नव्हती. वडील शेतीच्या कामाचं निमित्त सांगून इस्पितळात जाऊन आले होते. आता पुण्याला त्याला कृत्रिम पाय बसवायचा होता. बहिणीचं लग्न होऊ दे, मग मीच मम्मीला सांगेन, तोवर तुम्ही काही लिहू नका, असं तो म्हणाला. “आंटी, मम्मी का दिल कमज़ोर है,” असंही म्हणाला.

बाईंनी डबा त्याच्या हातात दिला. तो जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. त्याला लग्नाचं विचारलं, बहिणीचं विचारलं. आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. गाडी सुटताना खाली उतरल्या आणि फलाटावरच्या नळाशी जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, पदर भिजेपर्यंत मारत राहिल्या. परतीच्या सगळ्या वाटेत त्या एकदाच बोलल्या. “संजय, असं मला कुणी आसिफबद्दल केलं तर?”

दुसऱ्या दिवशी सुनीता वाट बघत बसलेलीच होती. बाईंनी लिहायला घेतलं. चेहरा चांगला आहे. मिशी ठेवलीय, शोभते. जेवण पूर्ण जेवला. बहिणीच्या लग्नाबद्दल खूप बोलला. यातलं काहीच खोटं नव्हतं. मग पलीकडून एक ओळ आली: “गाड़ी से उतरा था?”

बाईंचं बोट अक्षरांवर तसंच राहिलं. मी हळूच म्हटलं, बाई, हो लिहू का मी? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हटलं, लाइन काढू? तुटली असं वाटेल. त्यांनी पुन्हा मान हलवली. एरवी ती लाइन कितीदा तुटायची. त्या दिवशी तुटली नाही. पांढऱ्या पडद्यावर ती एकच ओळ आणि खाली उघडझाप करणारी रेघ. बाई नुसत्या बसून राहिल्या. त्यांनी हो लिहिलं नाही, नाही लिहिलं नाही, आणि उठूनही गेल्या नाहीत. बऱ्याच वेळानं पलीकडून शब्द आले: “समझ गई.” आणि ‘विक्की की मम्मी’ हे नाव पडद्यावरून विझलं.

त्यानंतर ती ग्रुपवर आली नाही. बाईंची झोप गेली. आपण विक्कीचा शब्द मोडला की पाळला, हेच त्यांना ठरवता येईना. तिचं काही बरंवाईट झालं तर, असा विचार मनात आला की त्या उठून अंगणात फिरत. मामा मला म्हणाले, “तिला जेवण जात न्हाई रं. तुज्या त्या मशिनीत बघ की, ती रोहतकवाली हाय का जागेवर.” मी रोज बघत होतो.

मग एके सकाळी बूथवर फोन आला. रोहतकची भाची बोलत होती. मावशी निघालीय, उद्या दौंडवरून जाईल, घोडनदीवाल्या बाईंना यायला सांगा.

बाई शिव्या खायच्या तयारीनं आल्या होत्या. तसं त्यांनी मला वाटेत सांगितलंही. गाडी थांबली आणि हिरव्या ओढणीतली एक उंच, आडवी बाई उतरली. फलाटावर बायका पुष्कळ होत्या, पण ती सरळ आमच्याकडंच आली.

“आप ही घोडनदी?”

बाईंनी मान डोलावली.

“उस दिन आपने कुछ लिखा नहीं।”

“झूठ लिखना नहीं आया,” बाई म्हणाल्या. “और सच लिखने को उसने मना किया था।”

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. हमाल सामान घेऊन मधूनच जात होते. सुनीता रडली नाही. तिनं बाईंचा हात मनगटाजवळ धरला आणि म्हणाली, “मेरे साथ चलो। मुझसे अकेले देखा नहीं जाएगा। आपने तो देखा हुआ है।”

बाईंनी डबा माझ्याकडून घेतला, पर्स खांद्यावर नीट केली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “मामांना सांग, पुण्याला गेले म्हणून. आसिफचं काही नाही, हे आधी सांग.” आणि तिच्यामागं डब्यात चढल्या.

चार-पाच दिवसांनी परतल्या. इस्पितळात काय झालं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. सुनीता दारात थांबली तेव्हा बाईंनी तिला मागून धरलं होतं. मग ती एकटी पुढं गेली, मुलाच्या अंगावरची चादर स्वतःच्या हातानं बाजूला केली, नीट बघितलं, पुन्हा पांघरूण घातलं आणि जेवलास का विचारलं. रागावली ती नंतर, आणि तीही नवऱ्यावर. लग्न ठरल्या तारखेलाच झालं. विक्की कुबड्यांवर मांडवात उभा राहिला, असं पुढं ग्रुपवर आलं.

बाई मात्र तेव्हापासून जास्तच धास्तावल्या. आसिफचा फोन आला की त्याच्या “ठीक आहे” वर त्यांचा विश्वास बसेना. एकदा माझ्या बूथमध्ये काचेच्या दाराआड त्या त्याला सांगत होत्या, “दोन्ही पाय आपट. आपट म्हणते ना. मला आवाज ऐकू दे.” तिकडं त्याच्यामागं जवानांची रांग उभी असणार. पण त्यानं आपटले असावेत, कारण बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. “आता उजवा,” त्या म्हणाल्या.

सीमेवरून फौजा परत आल्या. आसिफ रजेवर आला तेव्हा त्याला घ्यायला दौंडला मामा आणि मी गेलो. इतक्या परक्या मुलांसाठी गेलेल्या बाई स्वतःच्या मुलासाठी आल्या नाहीत. गाडीतून तो उतरला नाही तर मी तिथं काय करू, म्हणाल्या. महिनाभर तो घरी होता. मी एकदा म्हटलं, आता तरी निवांत असाल बाई. त्या म्हणाल्या, “घरात असला की जास्त भीती वाटते रे. रोज एक दिवस कमी होतो.”

पुढं घरोघरी मोबाईल आले. आयांना मुलांचा आवाज खिशातच मिळायला लागला. ग्रुप विरत गेला. मी कॅफे बंद करून शिक्रापूरला झेरॉक्सचं दुकान टाकलं, शिरूरला जाणं कमी झालं. बाई निवृत्त झाल्याचं कळलं. आसिफ बढती मिळून नायक झाला, पुन्हा उत्तरेला सीमेवर कुठंतरी हजर झाला, हेही कुणाकडून तरी.

मग काही वर्षांनी मी नगरहून पुण्याला येत होतो, त्याच गाडीनं. दौंडला इंजिन बदलायला गाडी थांबली. मी खिडकीशी बसलो होतो आणि फलाटावर तांबोळीबाई दिसल्या. केस पांढरे झाले होते. खांद्याला पर्स, हातात डबा. बरोबर एक तरुण बाई, कडेवर मूल; सून असावी. कुणाला घ्यायला आल्या होत्या, आसिफला की आणखी कुणाच्या मुलाला, ते कळायला मार्ग नव्हता. दोघी खिडक्यांमधून आत बघत एकेक डबा पुढं सरकत होत्या. बाई माझ्या खिडकीशी आल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चेहऱ्याकडं, हातांकडं, आणि नजर पुढच्या खिडकीकडं गेली. त्यांनी मला ओळखलं नाही. केस गेलेला, सुटलेल्या पोटाचा मी, मांडीवर पेपर घेऊन बसलो होतो. माझ्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. मी सुखरूप दिसत होतो.